टेबल कुणाचं?

भवानी पेठेत रात्री पाळी सुटली की टपरीपुढचं बाकडं भरतं. अंगावर सुताची कसपटं तशीच, हातात चहाचा ग्लास, आणि पाच-सहा डोकी एका मोबाईलवर वाकलेली. काय चाललंय म्हणून जवळ जावं, तर लिलाव चाललेला असतो.

"काय बे, शादलूला किती पडतील?"

"दोनच्या वर. लिहून घे."

"पुण्यानं सोडायला नको होता की ओ त्याला."

"ते जाऊ दे. फायनलला कोण सांग. लाव पैज."

दोस्तांनो, ही पोरं अडाणी नाहीत. २०१४ च्या पहिल्या कबड्डी लिलावात राकेश कुमारला पाटण्यानं १२ लाख ८० हजारांना घेतलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. २०२२ ला पवन सेहरावतला तमिळ संघानं २ कोटी २६ लाख मोजले, पुढल्या वर्षी तेलुगू संघानं २ कोटी ६० लाख ५० हजार, हे झोपेत उठवून विचारलं तरी सांगतील. क्रिकेटचं तर विचारूच नका. ऋषभ पंत २७ कोटी. आपल्या सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी, डिसेंबर २०२३, लखनौ, २० लाख. त्या वीस लाखांवर पेठेत तीन रात्री चर्चा झाली. गुणी पोरगं आहे, त्याच्यावर आमचा राग नाही. राग आहे तो त्या चर्चेवर. कारण याच पोरांना मी विचारलं की आपल्या जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी कधी असते, यादी कोण करतं, त्या यादीखाली सही कुणाची असते, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "ते आपल्याला कोण सांगणार?"

आणि दुसऱ्या बाजूला आमचे क्रांतिकारक दोस्त. त्यातल्या एकानं पेठेच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: 'खेळाडूंचा लिलाव म्हणजे गुलामांचा बाजार.' टाळ्या घेणारं वाक्य आहे. मीही चार-पाच वर्षांपूर्वी हेच भाषणात ठोकलं असतं. पण आज मला ते आळशी वाक्य वाटतं, आणि खऱ्या गुलामांचा अपमान करणारंही वाटतं. गुलामाच्या विक्रीचे पैसे गुलामाच्या खिशात जात नसत. इथं हातोडा पडला की पैसे खेळाडूच्या खात्यात येतात. खेडेगावातलं पोर, ज्याच्या बापानं आयुष्यात एक लाख रुपये एकत्र पाहिले नाहीत, त्याच्या घरावर स्लॅब पडतो. त्या घराकडे बोट दाखवून तू त्याला गुलाम म्हणणार? तुझी क्रांती होईपर्यंत त्यानं पत्र्याखालीच झोपावं काय?

लिलावाबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिथं बोली मोठ्यानं बोलतात. कुणी किती म्हटलं, कुणी हात खाली घेतला, हे सगळ्या देशाला दिसतं. आमच्या जन्मात ज्या ज्या वेळी आम्हाला कुणी निवडलं किंवा टाकलं, त्यातली एक तरी निवड एवढी उघड्यावर झाली का? शाळेत, नोकरीत, भाड्याच्या खोलीत? आम्हाला जे नाकारलं गेलं ते कुजबुजीत नाकारलं गेलं. म्हणून भिंतीवरच्या त्या दोस्ताला माझं सांगणं आहे की तू चुकीच्या टेबलावर दात खातोयस.

मालकांना लिलाव फारसा आवडत नाही, हेही त्यानं समजून घ्यावं. लिलावात मालक मालकाविरुद्ध बोली लावतो आणि खेळाडूचा भाव वाढतो. मालकांना आवडतो तो ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे मालकांनी आपसात पाळी लावून घ्यायची, आज पहिला उचल तुझा, मग माझा, आणि भाव आधीच ठरलेला. आपल्याकडं हा ड्राफ्ट खो-खोत आला. २०२२ च्या पहिल्या अल्टिमेट खो-खोला खेळाडूंचे चार वर्ग पाडले. अ वर्गाला ५ लाख, ब ला ३, क ला दीड, ड ला १ लाख. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप याच स्पर्धेत चेन्नईकडून खेळला आणि जानेवारी २०२५ ला खो-खोचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या संघात होता. तो हवेत झेप घेतो तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पण ड्राफ्टच्या तक्त्यात त्या झेपेसाठी पाचवा रकाना नाही. दोन मालकांना तोच पाहिजे असला तरी भाव वर जाणार नाही.

ही युक्ती अमेरिकेतली. तिथलं फुटबॉल आपल्यासारखं पायानं खेळत नाहीत. अंगावर तुटून पडायचा खेळ आहे तो, आपल्या कबड्डीचं भावंडच म्हणा. १९३५ ला फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक बर्ट बेल यानं बाकीच्या मालकांना पटवलं की चांगल्या पोरांसाठी आपण एकमेकांत बोली लावून मरतोय, त्यापेक्षा पाळीनं उचलू. १९३६ ला पहिला ड्राफ्ट झाला. पहिला उचललेला खेळाडू जे बरवँगर. त्याचं पगारावर जमलं नाही, त्यानं तो खेळ व्यवसाय म्हणून कधी खेळलाच नाही आणि दुसरी नोकरी धरली. ड्राफ्ट असा सुरू झाला! आज तिथं ड्राफ्टच्या आधी महिनोन्‌महिने पंडित लोक याद्या छापतात, कोण कितवा जाणार, कुणाची धाव किती सेकंदांची, कुणाचा पंजा किती इंचांचा. आपली टपरीवरची पोरं चहावर करतात ते तिथं कोट टाय घालून करतात.

आता हे पंडित कसं बघतात ते बघा. कारण आपलं नातं तिथल्या काळ्या माणसाशी आहे. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव त्यांच्याकडूनच घेतलं होतं.

तिथं नवीन वर्षाच्या सुमारास कॉलेज संघांच्या मोठ्या लढती होतात, त्यांना बाउल म्हणतात. १९५६ च्या शुगर बाउलला पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रायर नावाचा एक काळा खेळाडू होता. समोर जॉर्जिया टेक, गोऱ्यांचा संघ. जॉर्जियाचा गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन म्हणाला, खेळू नका, काळ्याबरोबर मैदानावर उतरलात तर सगळं संपलं. तेव्हा जॉर्जिया टेकच्या गोऱ्या विद्यार्थ्यांनीच गव्हर्नरचा पुतळा जाळला. त्यांना वंशवादाची चीड आली होती, की बाउलची मॅच बुडेल याची, हे मला सांगता येणार नाही. बहुतेक दुसरं. पण मॅच झाली आणि ग्रायर खेळला.

यात विशेष काय, काळा माणूस मैदानावर आला तर प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. थांबा. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. डाव तो सांगतो, चेंडू कुठं जायचा ते तो ठरवतो. ती डोक्याची जागा, आणि ती गोऱ्याची. काळ्यानं पळायचं, झेलायचं, आडवं पडायचं. १९७८ च्या रोझ बाउलला वॉरन मून नावाच्या काळ्या क्वार्टरबॅकनं वॉशिंग्टनला जिंकून दिलं, लढतीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच वर्षी ड्राफ्ट झाला. मालकांनी तीनशेच्या वर पोरं उचलली. वॉरन मूनला कुणीही उचललं नाही. पंडितांच्या याद्या होत्या, घड्याळं होती, फूटपट्ट्या होत्या, आणि माणूस दिसला नाही! तो कॅनडात गेला, तिथं पाच वेळा विजेतेपद मिळवलं, मग अमेरिकेनं १९८४ ला त्याला परत बोलावलं आणि २००६ ला त्या खेळाच्या थोरांच्या दालनात बसवलं. २०१८ ला लमार जॅक्सन नावाच्या पोराला पुन्हा तेच सांगितलं, तू क्वार्टरबॅक सोड, झेलणारा हो. तो पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२ वा उचलला गेला. पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

याहून नागडं एक उदाहरण आहे. डोक्याला मार बसून स्मृती गेलेल्या जुन्या खेळाडूंना तिथल्या लीगला भरपाई द्यावी लागली. भरपाई मोजताना मेंदूचं नुकसान किती हे बघायचं असतं. त्या हिशेबात काळ्या माणसाची मूळ बुद्धीच खालची धरायची सोय होती, म्हणजे 'तुझं मुळातच कमी होतं, मग गेलं ते काय?' २०२१ ला ओरड झाली तेव्हा ही पद्धत बंद करायचं लीगनं कबूल केलं. एकविसावं शतक आहे दोस्तांनो, आणि देश पुढारलेला आहे.

हे वाचून ज्याला वाटेल की अमेरिका फार लांब आहे, त्यानं पुण्याला यावं. जिमखान्याच्या मैदानावर महिना ४ रुपयांवर रोलर ओढणारा, खेळपट्टी झाडणारा एक पोरगा होता. पाळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड. जात चांभार. साहेब लोक नेट्समध्ये सरावाला आले की बाळूनं त्यांना चेंडू टाकायचे. तासन्‌तास टाकायचे. हातात बॅट? छे. फलंदाजी साहेबाची, हमाली बाळूची. त्या डावखुऱ्या हमालीतून असा गोलंदाज तयार झाला की पुण्याच्या हिंदूंना जिंकायचं तर त्याच्याशिवाय चालेना. घेतला संघात. मैदानावर त्यानं टाकलेला चेंडू सवर्ण हातांना चालला. चहाच्या वेळी मात्र बाकीच्यांना आत चिनी मातीचे कप आणि बाळूला तंबूबाहेर फेकून द्यायचं मातीचं भांडं. १९११ ला पतियाळाच्या महाराजाच्या संघातून इंग्लंडला गेला, ११४ बळी घेऊन आला. देशातला सगळ्यात मोठा गोलंदाज. कप्तान? नाही. दरवर्षी नाही. १९२० ला पुन्हा डावललं तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. जात म्हणून आम्हाला डावलता, हे त्यांनी लेखी सांगितलं. १९२३ ला विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला तो या भांडणातून. कुणाच्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात.

बघा, वॉरन मून आणि पाळवणकर बाळू. एकाला क्वार्टरबॅक होऊ देत नव्हते, दुसऱ्याला कप्तान. भाव दोघांच्याही हातापायांचा. डोक्याचा भाव शून्य.

आणि आपलीही एक लबाडी इथं सांगून टाकतो. आपल्या सभांमधून बाळूचं नाव का ऐकू येत नाही? कारण १९३७ च्या निवडणुकीत तो काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता. हरला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, त्याला ११,२२५. काँग्रेसनं त्याला वापरला यात मला शंका नाही. पण म्हणून रोलर ओढणारा तो पोरगा आणि पत्रक काढणारे ते भाऊ आपण त्यांच्याच पदरात टाकायचे? त्या मतमोजणीमुळं आपल्या पोरांना खेळाच्या मैदानावरला आपला पहिला संप माहीत नाही. ही आपली चूक आहे, प्रस्थापितांची नाही.

आता पेठेत परत या. आमच्यात एक रेडर होता. नाव छापत नाही, त्याला आवडणार नाही. मातीवर तो असा घुसायचा की समोरच्या कोपरारक्षकाला आपला पाय कधी गेला हे कळायचं नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेला. छातीवर नंबर टाचला, पहिल्या दहा मिनिटांत चार गडी मारले. टेबलावर तिघं बसलेले. त्यातल्या एकानं विचारलं, "कुठल्या तालमीचा?" यानं सांगितलं. "राहायला?" सांगितलं. "वडील?" तेही सांगितलं. तिघांनी एकमेकांकडं बघितलं, मग त्याला चढाई बंद करून कव्हरला उभा केला. कव्हरला तो जन्मात खेळलेला नव्हता. यादी संध्याकाळी लावू म्हणाले. याची रात्रपाळी होती, तो निघाला. दुसऱ्या दिवशी यादी बघायला गेला तर कागद काढून टाकलेला. पुढच्या वर्षी गेला तेव्हा गुडघा गेलेला होता.

त्या गुडघ्याबद्दल मला बोलायचंय. ऑक्टोबर २०२२ ला, २ कोटी २६ लाखांचा पवन सेहरावत हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा धरून खाली बसला. अख्खा हंगाम गेला. टपरीवर पोरं हळहळली, मीही हळहळलो, खेळाडू मोठा आहे. पुढच्या वर्षी बरा होऊन उभा राहिला, भाव आणखी वाढला, एशियाडला भारताचा कप्तान म्हणून सुवर्ण घेऊन आला. झालं पाहिजे असंच. गुडघ्याची किंमत होती म्हणून गुडघ्याला डॉक्टर होता. आमच्या रेडरच्या गुडघ्याला कुणी किंमत लावली नव्हती. त्याला हळदीचा लेप, क्रेप बँडेज, आणि आठव्या दिवशी मागापुढं बारा तास उभं राहणं. आता तो टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसतो, कारण बसून करायचं काम तेवढंच मिळालं. आणि रात्री टपरीवर तोच सगळ्यात अचूक सांगतो कोण किती कोटींना जाणार. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. खेळ कळतो ना त्याला! म्हणून मला त्या बाकड्यावर बसवत नाही.

बायांचं तर टेबलच उशिरा मांडलं. कबड्डीच्या त्या झगमगाटी लीगनं २०१६ ला तीन संघांची एक महिला स्पर्धा केली, नंतर ती पुन्हा भरवली नाही. खो-खोच्या लीगमध्ये पुरुषच. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या बायांनी नेपाळला ७८-४० हरवलं, पुरुषांनी ५४-३६, आता सांगा जास्त भाव कुणाला पाहिजे? आणि क्रिकेटची किरण नवगिरे. आपल्याच जिल्ह्यातली, मिरे गावची. महाराष्ट्राकडून नीट संधी मिळेना म्हणून नागालँडकडून खेळली, २०२२ ला एका टी-ट्वेंटीत १६२ धावा ठोकल्या तेव्हा लोकांनी डोळे चोळले. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या महिला लिलावात सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना गेली, किरण ३० लाखांना. पहिल्याच सामन्यात अर्धशतक. बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, कारण कुणी पुरस्कर्ता नव्हता, तर तिनं स्वतःच्या हातानं धोनीचं नाव आणि सात आकडा लिहिला होता. त्या कोऱ्या बॅटचं भाकीत कुठल्या पंडितानं केलं होतं? पंडिताला दिसतं ते, जे आधीच कुणीतरी दाखवलेलं असतं. मिऱ्याच्या रानात तो जात नाही.

पैजेचंही बोलतो, कारण ते घराघरात शिरलंय. संघ निवडा, पैसे लावा, करोडपती व्हा, अशी ॲपं आली. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं आईचे भिशीचे पैसे त्यात घातले. आई विडी वळते. हजार विड्यांमागं तिला काय मिळतं ते तिलाच विचारा. ऑगस्ट २०२५ ला संसदेनं कायदा करून पैशाचे असले ऑनलाइन खेळ बंद केले. चांगलं केलं. पण पोराची खोड गेली नाही, आता तो माणसामार्फत लावतो. त्याला मी म्हटलं, तुझा अंदाज बरोबर आला तरी त्या संघात तू नाहीस, तुझा भाऊ नाही, तुझ्या पेठेतला कुणी नाही. तो म्हणाला, "मग काय करू? मला कुणी खेळवणार हाय का?" मला उत्तर आलं नाही. हे लिहायला बसलो ते त्याच्यामुळं.

तर भिंतीवरच्या दोस्ता, मुंबई-जेद्दाच्या झगमगत्या टेबलावर दगड मारायला आपले हात पुरत नाहीत आणि तिथं आपलं पोर पोचतही नाही. आपलं पोर पडतं ते इथल्या मोडक्या टेबलापुढं, जिथं तीन माणसं बसतात, आडनाव विचारतात आणि संध्याकाळी कागद लावतात. आपली मागणी तिथं पाहिजे. चाचणीची तारीख आधी आठ दिवस पेठेत, तालमीत, वस्तीत लागली पाहिजे. छातीवर नंबर, यादीत नंबर, आडनाव विचारायचं नाही. कोण किती चढाया गेला, किती गडी मारले, हे तिथल्या तिथं फळ्यावर लिहायचं. ज्यानं निवडलं त्यानं खाली सही करायची. यात क्रांती काहीच नाही, मला माहीत आहे. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी जे पत्रक काढलं त्यात तरी दुसरं काय मागितलं होतं?

ते देतील? फुकट नाही देणार. म्हणून सध्या आम्ही एक केलंय. दोनशेपानी वही आणलीय. रेषा मारल्या आहेत: नंबर, जागा, चढाया, गडी, पकडी, कुणी विचारलं, काय विचारलं. टपरीवरची ती पाच-सहा डोकी, जी शादलूच्या पकडी तोंडपाठ म्हणून दाखवतात, ती पुढच्या चाचणीला मैदानावर बसणार आहेत. भिशीवाला पोरगाही येतोय, त्याचं अक्षर चांगलं आहे. वहीची पानं झेरॉक्स काढून त्याच रात्री टपरीवर लावायची आणि त्यांची यादी आली की शेजारी तीही लावायची.

रेडर म्हणाला, टेबलाजवळ उभं राहू देणार नाहीत. मी जाऊन मैदान बघून आलो. प्रेक्षकांची दोरी टेबलापासून दहा पावलांवर आहे. मी दोरीला टेकून उभा राहिलो आणि एकाला टेबलाजवळ उभं करून हळू आवाजात बोलायला लावलं.

ऐकू येतं.